बारा खोल्यांच्या चाळीतून एका एकराच्या दाढीला खत
स्वयंपाकघरातला ओला कचरा थोड्या जागेत कसा कुजवावा?

आसनगाव हे कसारा मार्गावरचे, शहापूर तालुक्याचे स्थानक. शहापूर गाव इथून दोन-तीन किलोमीटरवर आणि माहुली किल्ल्याकडे जाणारी वाटही इथूनच फुटते. पहाटेची लोकल धरून कल्याण, ठाणे, मुंबईला कामाला जाणाऱ्यांची वस्ती स्थानकाभोवती वाढत गेली. चाळी उठल्या, मग इमारती उठल्या. जुन्या घराला मागे परसू होते, गोठा होता, गोठ्यापलीकडे उकिरडा होता. भाजीचे देठ, फणसाची चारखंडे, केळीच्या साली गुरांपुढे पडत, उरलेसुरले उकिरड्यात जाई आणि वैशाखात तेच खत होऊन शेतावर पोचे. त्या काळी कचरा म्हणून वेगळी वस्तू घरात नव्हतीच म्हटले तरी चालेल.

आता खोली दहा बाय बाराची, मागे दुसऱ्याची भिंत, दारात गुरे नाहीत. देठ आणि साली मात्र पूर्वीइतक्याच निघतात. त्या प्लास्टिकच्या पिशवीत जातात, पिशवीला गाठ बसते आणि ती रस्त्याच्या कडेला किंवा ओहोळाच्या काठी पडते. मोकाट गुरे आतल्या सालींच्या वासाने पिशवीसकट खातात. जे उरते ते मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहत खाली येते आणि बांधाला, मोरीच्या तोंडाला, भाताच्या खाचरात अडकते. कचरा टाकणारा एक आणि नांगराला अडकलेली पिशवी सोडवणारा दुसरा, असा हा प्रकार आहे.

आता दुसरी बाजू पाहा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर होळीच्या मागेपुढे राबाची तयारी सुरू होते. झाडांचे टहाळ तोडायचे, पाचोळा गोळा करायचा, शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर दाढीच्या जागेवर पसरायचे आणि भाजायचे. डोक्यावरून भारे वाहण्याचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला. सगळा पाला एका दिवसात राख होतो.

ओल्या कचऱ्याचे खत करायला ज्या वस्तूची सर्वांत जास्त गरज असते ती म्हणजे सुका पाला. चाळीत तो मिळत नाही. पाड्यावर तो जाळला जातो. चाळीतल्या बाईला खताचे काय करायचे हा प्रश्न पडतो आणि पाड्यावरच्या शेतकऱ्याला खत पुरत नाही. दोन-चार किलोमीटरच्या अंतरात असलेल्या या दोन गरजांची गाठ घालून दिली तर पुष्कळ काही होण्यासारखे आहे.

कुजणे वेगळे, सडणे वेगळे

"आमच्याकडे जागा कुठाय? वास सुटतो, अळ्या पडतात." खताचा विषय काढला की पहिले उत्तर हेच येते. वासाची तक्रार खरी आहे. पण तिचे कारण जागेत नसून कचऱ्याच्या मिश्रणात आहे.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणीच जास्त, वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत. नुसता ओला कचरा डब्यात साठवला की तो खाली बसतो, त्यातली हवा निघून जाते आणि हवेवाचून जगणारे जंतू माजतात. त्याला सडणे म्हणतात. दुर्गंधी येते ती त्यामुळे. त्याच कचऱ्यात सुका पाला मिसळला तर पाला पाणी शोषतो, मध्ये पोकळी राहते, हवा खेळते आणि हवेवर जगणारे जंतू कामाला लागतात. त्याला कुजणे म्हणतात. नीट कुजणाऱ्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

शास्त्रीय भाषेत याला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. कुजवणाऱ्या जंतूंना एक भाग नत्राबरोबर पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्राच्या मानाने कर्ब कमी असतो, पाचोळ्यात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की जंतूंचे जेवण जमते.

ही विद्या आपल्याला नवी नाही. इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तीच इंदूर पद्धत. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाकीची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. या टाकीचे नेहमीचे माप दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत हवेसाठी झरोके सोडलेले असतात. शेण थोडे आणि पाला-माती जास्त, हे तिचे वैशिष्ट्य. शेण कमी असलेल्या घराला खत करता यावे, हाच तिचा उद्देश. आज आसनगावच्या चाळीत शेण अजिबातच नाही, म्हणून हा विचार तिथे जास्तच लागू पडतो.

मुंबईतही हे झाले आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर शेती करताना उसाच्या चिपाडांचा सुका माल म्हणून सढळ वापर केला. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यात भाज्या आणि फळझाडे उभी केली. गोदीच्या गच्चीवर जे जमले ते आसनगावच्या ओट्यावर जमायला हरकत नसावी.

एका खोलीसाठी तीन बादल्या

चार-पाच माणसांच्या घरात रोज साधारण एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रंगाच्या रिकाम्या, झाकणाच्या, वीस लिटरच्या तीन बादल्या पुरतात. बादल्या नीट धुऊन घ्याव्यात. तापवलेल्या खिळ्याने तळाला दहा-बारा आणि बाजूने ओळीत पंधरा-वीस भोके पाडावीत. बादली दोन विटांवर ठेवावी, खाली जुने ताट सरकवावे. ओटा, जिन्याखालची जागा, खिडकीची जाळी, कुठेही चालते. मात्र ऊन आणि पाऊस थेट लागता कामा नये.

तळाला चार बोटे पाचोळा घालावा. त्यावर एक ओंजळ जुने शेणखत किंवा शेतातली माती विरजण म्हणून टाकावी. मग रोजचा कचरा बारीक करून घालावा आणि त्यावर तितकाच सुका पाला पसरावा. 'तितकाच' म्हणजे मापाने, वजनाने नव्हे. एक वाडगा कचरा तर एक वाडगा चुरलेला पाला. कचरा वरून दिसता कामा नये. आठवड्यातून दोनदा काठीने खालवर करावे.

पहिली बादली वीस-पंचवीस दिवसांत भरते. ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी, मग तिसरी. तिसरी भरेपर्यंत पहिलीतला माल निम्म्यावर बसलेला आणि काळपट झालेला असतो. तो गोणपाटात काढून सावलीत आणखी महिनाभर मुरू द्यावा. एकूण अडीच-तीन महिने धरावेत. मूळ देठ-साल ओळखू येईनाशी झाली आणि मातीचा वास आला की खत झाले. कच्चे खत रोपाच्या मुळाशी घालू नये, रोप पिवळे पडते.

ओल तपासायची रीत सोपी आहे. मूठभर माल दाबावा. थेंब गळला तर पाला कमी पडला, पाला वाढवावा. मूठ उघडताच सगळे सुटून पडले तर थोडे पाणी शिंपडावे. भांडी-भाजी धुतलेले पाणी त्याला पुरते. ज्या तालुक्यात भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी अडते आणि मुंबईला जाते, पण पाड्यांना मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे सांगणे भागच आहे की या खताला वेगळे पाणी लागत नाही. कचऱ्यातलेच पाणी त्याला पुरते.

काय घालावे, काय टाळावे

भाज्यांचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, कांदा-लसणाची टरफले, अंड्यांची कवचे चुरून, सुकलेली फुले हे सर्व चालते. चहाचा चोथा साखर-दुधाचा असतो, तो धुऊन घालावा. नाहीतर मुंग्या लागतात. उरलेला भात-भाकरी थोडी असेल तर चालेल, पण वर पाला जास्त हवा.

मासळीचे काटे, सुकटीची डोकी, मटणाची हाडे, तेल आणि दूध-दही बादलीत घालू नये. मांजर, घूस, उंदीर येतात. मासळीचा कचरा परसात हातभर खोल पुरावा. नारळाची करवंटी कुजत नाही, ती वेगळी ठेवावी. रोगट झाडपालाही बादलीत नको. मोठा ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो आणि त्यात रोगजंतू व तणाचे बी मरते. बादली तितकी तापत नाही.

अळ्या दिसल्या तर घाबरू नये. बादली जास्त ओली झाल्याची ती खूण. पाला घालून खालवर करावे आणि झाकण लावावे.

सुका पाला कोणता? साग, ऐन, पळस, आंबा, जो मिळेल तो. सागाची पाने मोठी, ती अखंड घातली तर एकावर एक चिकटून हवा अडवतात, म्हणून हाताने किंवा पायाने चुरून घ्यावीत. वखारीतला लाकडाचा भुसा थोडा मिसळला तरी चालतो. भाताचे तूस कुजायला फार वेळ लावते, ते कमी घालावे. भाताचा पेंढा उत्तम, पण तो गुरांच्या तोंडचा काढू नये. भिजून काळा पडलेला, गुरे न खाणारा पेंढा मात्र यासाठी राखून ठेवावा.

गांडुळे सोडली तर खत लवकर आणि बारीक होते. पण त्यांना सावली, एकसारखी ओल आणि मुंग्यांपासून जपणूक लागते. पहिल्या वर्षी साध्या बादलीने हात बसवावा, गांडुळांचा विचार नंतर करावा.

बारा खोल्यांचा हिशेब

एका घराचा वर्षाचा ओला कचरा साडेतीनशे किलोच्या वर जातो. कुजताना पाणी उडून आणि माल जळून त्यात पाला धरूनही साधारण ऐंशी किलो खत हाती येते. कुंड्यांना ते भरपूर आहे, शेताला मात्र काहीच नाही. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, "एवढ्याशा खतात काय होणार?"

शेत सोडा आणि दाढीचा हिशेब करा. एक एकर भाताच्या आवणीला सुमारे चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते. गुंठ्याला दोन क्विंटल चाळीस किलो खत घालायचे धरले तर चार गुंठ्यांना नऊ क्विंटल साठ किलो होते. ऐंशी किलोप्रमाणे बारा घरांचे खतही नऊ क्विंटल साठ किलोच भरते. म्हणजे बारा खोल्यांची एक चाळ एका एकराच्या दाढीला पुरते.

चाळीने एकत्र काम करायचे ठरवले तर बादल्यांऐवजी दोन हौद बांधावेत. प्रत्येकी चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, नाडेपसारखे झरोके सोडून, वर पत्र्याचे झाकण आणि झरोक्यांना उंदरासाठी बारीक जाळी. एक हौद भरायला तीन महिने लागतात, तेवढ्यात दुसरा तयार होतो. शहापूरकडे पाऊस धो-धो पडतो, तेव्हा हौद जमिनीपासून वीतभर उंचावर असावा आणि छप्पर चारही बाजूंनी हातभर पुढे यावे. पावसाळ्यात खत सडते ते बहुधा खालून शिरलेल्या पाण्याने.

पाल्याचाही हिशेब पाहिजे. एका घराला महिन्याला चुरलेल्या पाल्याची एक गोणी, वर्षाला बारा ते पंधरा. बारा घरांना दीडशेच्या वर गोण्या लागतील. माघ-फाल्गुनात पाला गळतो तेव्हाच त्या भरून पाड्यावर कोरड्या जागी माळ्यावर ठेवाव्या लागतील आणि दूध-भाजी घेऊन आसनगावला येणाऱ्याने महिन्याला बाराच्या हिशेबाने पोचवाव्या लागतील. पाला फुकट मागू नये. ज्या बाईने तो गोळा केला तिच्या मजुरीचा दर चाळीने आधी ठरवून द्यावा, आणि वैशाखात खताच्या गोण्या परत जाताना त्यांचा दरही तसाच ठरावा. देणे-घेणे स्पष्ट असेल तरच हा व्यवहार दुसऱ्या वर्षी चालेल.

मग राबाचे काय?

राब भाजणे हे अडाणीपण आहे, असे कोणी समजू नये. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, जमीन भुसभुशीत होते आणि रोप सहज उपटते. या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वीही मोठा वाद झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे टहाळ तोडण्याचे हक्क हा १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढचा मोठा विषय होता. तेव्हा आजोबा-पणजोबा जे करत आले त्यामागे अनुभव आहे.

पण राबाची किंमतही मोजली पाहिजे. पाल्यातला कर्ब आणि नत्र धुरात जातात. मातीतला सेंद्रिय भाग वरच्या थरात जळतो. दरवर्षी टहाळ तोडून झाडे खुंट होतात आणि भारे वाहण्यात बायकांचे आठवडे जातात.

रत्नागिरी-रायगडपासून ठाण्यापर्यंत पोचलेल्या डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत पहिलेच सूत्र पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायची. तुसातली सिलिका रोपाला कणखर करते. गादीवाफ्यावर कुजलेले खत आणि ही राख एकत्र वापरली तर राबाचे बरेचसे काम होते. तणाचे काम मात्र होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्यासाठी वळवाचा पाऊस पडल्यावर किंवा शक्य असेल तिथे पाणी देऊन तण उगवू द्यावे, कोवळे असतानाच कुळवून मोडावे आणि मग बी पेरावे. तरीही एखादी निंदणी वाढेल.

म्हणून सगळा राब एकदम सोडू नये. पहिल्या वर्षी चार गुंठ्यांपैकी एकाच गुंठ्यावर खताचा गादीवाफा करावा, बाकी तीन नेहमीसारखे भाजावेत. आवणीच्या वेळी दोन्हीकडचे रोप शेजारी ठेवून पाहावे. मुळे, उंची, उपटायला लागलेला वेळ आणि निंदणीची मजुरी लिहून ठेवावी. दुसऱ्या वर्षी काय करायचे ते वहीतले आकडेच सांगतील.

या खताने युरिया बंद होईल, अशी आशाही कोणी दाखवू नये. ऐंशी किलो घरगुती खतात नत्र अर्धा ते एक किलो. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत ते वीस किलोच्या वर असते. खताचा खरा उपयोग माती सुटी होण्यात, ओल धरण्यात आणि दिलेले रासायनिक खत वाहून न जाण्यात आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

याच रेल्वे मार्गावर कल्याणला आधारवाडीचे डोंगराएवढे डम्पिंग ग्राउंड होते. उन्हाळ्यात तिथे आगी लागत आणि धूर वस्तीत शिरे. ते २०२१ मध्ये बंद झाले. ओला आणि सुका कचरा सुरुवातीपासून एकत्र पडत गेला की पुढे हेच होते. आसनगावला अजून तो डोंगर उभा राहू न देणे हातात आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद होती. चार हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने २ लाख ४० हजार होतात. इतक्या पैशात घंटागाडी आणि तिचे डिझेल किती दिवस चालणार? ओला कचरा घरी आणि चाळीतच जिरला तर गाडीला फक्त सुका कचरा उरतो, तो सडत नाही, आठवड्यातून एकदा उचलला तरी भागते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सुरुवात लहान करावी. ग्रामसभेत एक चाळ आणि एक पाडा निवडावा. हौदाला जागा द्यावी. घरपट्टीच्या पावतीबरोबर 'काय घालावे, काय टाळावे' याचा कागद घरोघरी द्यावा. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी वैशाखात खत पाहून दाढीच्या शेतकऱ्याला मार्गदर्शन करावे. अंगणवाडी आणि शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातही रोज साली-देठ निघतात. एक हौद तिथे बांधला तर मुलांना डोळ्यांसमोर शिकायला मिळेल आणि परसबागेला खत होईल.

संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २०००-०१ मध्ये सुरू झाले तेव्हा अनेक गावांनी हौसेने खड्डे खणले. तपासणी पथक येऊन गेल्यावर त्यातले पुष्कळ ओस पडले, कारण खत कोण नेणार हे ठरलेले नव्हते. या वेळी आधी खत नेणारा शेतकरी ठरवावा, मग हौद बांधावा.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. इथे बारा वर्षे थांबायचे कारण नाही. येत्या माघात पाल्याच्या गोण्या भरल्या तर पहिले खत वैशाखात, पेरणीच्या आधी दाढीवर पोचते. ज्यांना चाळ किंवा पाडा सुचवायचा असेल त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विषय लेखी मांडावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.